आईंना विचारलंत का? ठाणे, नवी मुंबई आणि तुमचा टू बीएचके

पत्र:
आम्ही सांगलीचे. नवऱ्याची बदली ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये झाली आहे. मी बँकेत आहे, मला परळचं ऑफिस मिळतंय. मुलगा चौथीत, सेमी-इंग्लिशला. सासूबाई ६८ वर्षांच्या, आमच्याबरोबरच येणार. सांगलीचं घर विकून आणि वर कर्ज काढून टू बीएचके घ्यायचा विचार आहे. घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट बघून आलो. गॅलरीतून डोंगर दिसतो, खाली क्लब हाऊस आहे, दारात मेट्रो येणार आहे. नवऱ्याचे मित्र म्हणतात खारघर घ्या, विमानतळ झालाय, भाव वाढणार. आमचे मामेसासरे ठाण्यातच असतात, त्यांच्या मते नौपाडा सोडून ठाणे नाहीच. काय करावं? मुलाला घेऊन फिरायला तिकडे काय आहे? आईंचा तसा प्रश्न नाही. रोज पायी गणपतीच्या देवळात जाणं, भजनी मंडळ आणि अधूनमधून एखादं नाटक, एवढंच त्यांचं असतं. त्या कुठेही जुळवून घेतील.
– एक वाचक, सांगली

उत्तर:

तुमचं पत्र इथे आखडून छापलंय. मूळ पत्रात घोडबंदरच्या फ्लॅटला अख्खं पान आहे, खारघरला अर्धं, आणि आईंना जेमतेम तीन ओळी. मी त्या तीन ओळींपासून सुरू करते.

तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडणार आणि रात्री आठच्या आसपास परतणार. मुलगा अर्धा दिवस शाळेत. म्हणजे सोमवार ते शुक्रवार त्या घरात, त्या गल्लीत राहणारं माणूस एकच. मुलाला शाळेच्या बसवरून आणणार त्याच, भाजी-दूध बघणार त्याच, प्लंबर आला तर दार उघडणार त्याच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आईंना पायी काय काय गाठता येतं ते बघून परिसर ठरवा. तुमच्या दोघांच्या प्रवासाचा हिशेब घड्याळावर मांडता येतो आणि त्यात दहा मिनिटं इकडची तिकडे करता येतात. बाविसाव्या मजल्यावर अडकलेल्या माणसाचा हिशेब असा मांडता येत नाही. ‘एवढंच त्यांचं असतं’ असं तुम्ही जे लिहिलंय, ते एवढंच तिथे मिळणार नसेल, तर उरतं काय? आणि ‘कुठेही जुळवून घेतील’ हे त्या म्हणाल्या, की तुम्ही दोघांनी ठरवलंत?

आता घोडबंदर रोड. तिथे राहणारे वाचक चिडतील, चिडू देत. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करत गायमुखपर्यंतच्या या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवं ठाणे उभं राहिलं. घरं ऐसपैस, सोसायटीत मुलांना खेळायला जागा, मागे येऊरचा डोंगर, आणि त्याच पैशात नौपाड्यापेक्षा जास्त चौरस फूट. हे सगळं खरं आहे. पण हाच रस्ता न्हावाशेवा बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरचाही आहे. गायमुखच्या घाटात एक ट्रक आडवा झाला की मागचं सगळं ठप्प. पावसाळ्यात खड्डे पडले की पुन्हा तेच. तुम्ही फ्लॅट बघायला रविवारी सकाळी गेला असणार, बिल्डरची गाडी न्यायला आली असणार. तोच रस्ता मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, शक्यतो जुलै महिन्यात, रिक्षाने करून बघा.

‘दारात मेट्रो’बद्दल नीट समजून घ्या. गायमुख-कासारवडवली ते वडाळा या मेट्रोचं काम २०१८ पासून चाललंय. गायमुखकडच्या टप्प्यावर २०२५ च्या सप्टेंबरात चाचणी गाडी धावली. सगळी लाइन वडाळ्यापर्यंत चालू होईल तेव्हा या पट्ट्याचे दिवस पालटतील, यात मला शंका नाही. पण ही मेट्रो माजिवडा, कॅडबरी, तीन हात नाका असं करत थेट मुलुंडला जाते, ठाणे स्टेशनला ती शिवतही नाही. तुमच्या यजमानांना जायचंय ऐरोलीला, म्हणजे त्यांना ठाणे स्टेशन गाठायलाच हवं. दारात मेट्रो येऊनही त्यांचा रिक्षाचा शोध काही चुकत नाही. स्टेशनला जोडणारी २९ किलोमीटरची, २२ स्थानकांची वर्तुळाकार मेट्रो केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली आहे. मंजूर झालेल्या मेट्रोत बसता येत नाही. ती धावेपर्यंत तुमचा मुलगा कॉलेजात गेलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सापडणार नाही: पाणी. घोडबंदरच्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात. सेल्स ऑफिसातल्या मुलाला विचारलंत तर तो ‘चोवीस तास’ म्हणेल. शेजारच्या, दहा वर्षं वस्ती असलेल्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, एप्रिल-मे महिन्यात दिवसाला किती टँकर आत येतात ते. मेंटेनन्सचा आकडा तिथेच कळेल.

आईंच्या बाजूने बघितलं तर अडचण वेगळीच आहे. तिथे सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की सर्व्हिस रोड, मग हायवे. समोरच्या बाजूचं देऊळ किंवा भाजीवाला दिसतो, पण गाठायला जिना चढून पूल ओलांडायचा. गुडघे शाबूत आहेत तोवर ठीक.

खारघर लवकर उरकते, कारण तुमच्या घरासाठी ते बसत नाही. गाव म्हणून वाईट मुळीच नाही. रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, मागे डोंगर, बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू. पनवेल-ठाणे गाडीने यजमान थेट ऐरोलीला उतरतील. पण परळला जाताना तुम्हाला हार्बरने कुर्ल्याला येऊन सेंट्रलची गाडी बदलावी लागेल, आणि सकाळचं कुर्ला स्टेशन काय असतं ते एकदा अनुभवूनच ठरवा. अटल सेतू शिवडीला उतरतो, शिवडी परळला लागूनच आहे, असं मित्र सांगतील. त्यासाठी गाडी, पेट्रोल आणि एका फेरीचा अडीचशे रुपयांचा टोल रोज सोसायची तयारी लागते. शिवाय नावात ‘नवी मुंबई’ लावून विकलं जाणारं खारघर नवी मुंबई महापालिकेत नाही, ते २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत आहे. मोरबे धरण, जे नवी मुंबई महापालिकेने स्वतःचं म्हणून मिळवलं आणि ज्याच्या जिवावर वाशी-नेरूळकर पाण्याबद्दल निर्धास्त असतात, ते त्या महापालिकेचं आहे, पनवेलचं नव्हे. विमानतळामुळे भाव वाढतीलही. पण तुम्ही राहायला घर घेताय. भाव वाढला म्हणून आईंना देऊळ जवळ येत नाही.

नवी मुंबईच हवी असेल तर ऐरोली बघा. यजमान ऑफिसला चालत किंवा फार तर दहा मिनिटांच्या रिक्षाने जातील. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने आखलेले सेक्टर, त्यातली छोटी बाजारपेठ, बाग, फुटपाथ, चालायला सपाट. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने एक गोष्ट चांगली केली, ती म्हणजे रोजच्या गरजेचं बरंचसं सेक्टरच्या आत ठेवलं. मराठी वस्ती भरपूर, भजनी मंडळं सापडतील. तुम्हाला परळसाठी आधी ठाण्याला यावं लागेल, पण मध्ये फक्त दिघा गाव हे एक स्टेशन आहे. नाटकाला मात्र आईंना वाशी गाठावं लागेल. तिथल्या नाट्यगृहाला तुमच्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांचंच नाव आहे, तेवढी ओळख तरी निघेल!

ऐरोलीत, आणि तशीच रबाळे-घणसोलीत, एक जपून. सेक्टरला लागून जुनी गावठाणं आहेत. ती इथल्या आगरी-कोळी लोकांची, नवं शहर यायच्या कितीतरी आधीची. त्यांच्या कडेने अरुंद प्लॉटवर चार-पाच मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांतले फ्लॅट निम्म्याच्या आसपास भावात विकायला असतात. त्यांतल्या बऱ्याच इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही, परवानगीच नाही. ‘लोनचं आम्ही करून देऊ’ असं एजंट म्हणाला की उठून यायचं. ‘साडेबारा टक्क्यांचा प्लॉट’ ही गोष्ट निराळी. ती प्रकल्पग्रस्तांना सिडकोने रीतसर परत दिलेली विकसित जमीन. त्यावरची इमारत कागदोपत्री चोख असू शकते, मात्र कागद वकिलाला दाखवून घ्या. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते. जुना फ्लॅट विकत घेताना सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतर शुल्क लागतं, ते कोण भरणार हे आधी ठरवा.

आता ठाण्याकडे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मामेसासऱ्यांचं म्हणणं हा नौपाडकरांचा जुना आजार आहे. त्यांचं ठाणे गोखले रोडला सुरू होऊन राममारुती रोडला संपतं. पण तुमच्या आईंपुरतं त्यांचं अगदी बरोबर आहे. घंटाळी देवीचं देऊळ, विष्णूनगर, ब्राह्मण सोसायटी, गोखले रोड हे सगळं एका संध्याकाळच्या फेरीत होतं. थोडं पुढे गेलं की मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, त्याच्याजवळ कोपिनेश्वराचं मंदिर, आणि तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन. सांगलीसारख्या नाट्यपंढरीतून आलेल्या बाईला रात्रीचा प्रयोग बघून शेअर रिक्षा न शोधता घरी चालत येता येईल, अशी जागा मुंबईच्या आसपास फारशी उरलेली नाही. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय याच जुन्या ठाण्यात आहे. भाजीला जांभळी नाका. पाडव्याची स्वागतयात्रा घरापासून पावलांवर, आणि नवरात्रात टेंभी नाक्याची देवी. दिवाळीच्या पहाटे मात्र राममारुती रोड आणि तलावपाळीला अख्ख्या ठाण्यातली पोरं नटूनथटून उतरतात. तेव्हा शांतता हवी असणाऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.

दोष सांगते. घरं महाग. तुमच्या बजेटमध्ये (आकडा छापत नाही) पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीतला टू बीएचके अवघड आहे. जुन्या, तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत मिळू शकेल. पण तिथे दुसऱ्या मजल्याच्या वर घेऊ नका, आणि सोसायटीचं पुनर्विकासाचं कुठवर आलंय ते आधी विचारा. तुम्ही राहायला जाल आणि वर्षभरात ‘घर खाली करा, चार वर्षांनी नवं देतो’ अशी नोटीस हातात पडेल, असंही होतं. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, तीत इमारतीचं नाव बघा. गाडी असेल तर पार्किंग विसरा. आणि सध्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत एखादी इमारत पाडली किंवा बांधली जात असते, त्यामुळे धूळ आहेच.

पुष्कळ लोक ज्याचा विचारच करत नाहीत ते म्हणजे ठाणे पूर्व, कोपरी. तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांचा नकाशा मांडला तर माझं बोट तिथेच पडतं. ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाड्या ठाण्यात नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात, आणि हे फलाट पूर्वेच्या बाजूला आहेत. पश्चिमेचा माणूस रिक्षाची रांग, सॅटिसखालची (स्टेशनबाहेरच्या बसच्या उड्डाणमार्गाखालची) गर्दी आणि पादचारी पूल पार करून तिथे पोचतो. कोपरीचा माणूस सरळ चालत येतो आणि दहा-बारा मिनिटांत ऐरोलीला उतरतो. तुम्हीही पूल ओलांडून ठाण्याहूनच सुटणारी स्लो गाडी पकडा, जागा मिळण्याची शक्यता असते. परळला फास्ट गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे डोंबिवली-कल्याणहून भरून आलेल्या फास्टमध्ये घुसून दादरला पुन्हा गाडी बदलण्यापेक्षा पाऊण तास बसून गेलेलं केव्हाही बरं. कोपरीला मुंबईकडे निघायला पूर्व द्रुतगती महामार्ग लागून आहे, आणि मुलुंडच्या नाक्यावरचा छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला आहे.

दिसायला कोपरी काही देखणी नाही. फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती, चेंदणी कोळीवाडा, खाडीकडे जाणारा मीठबंदर रोड, दाटीवाटीच्या जुन्या इमारती. पण बाजार भरपूर, सगळं पायी, आणि भाव नौपाड्याच्या खाली. आईंना नाटकाला जायचं तर स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला यावं लागेल, रिक्षा केलीत तर वळसा पडेल. पूर्वेलाही सॅटिसचा उड्डाणमार्ग बांधायला घेतला आहे, त्यामुळे स्टेशनबाहेरचा गोंधळ बघून एकदम घाबरू नका.

या दोन टोकांच्या मधलं ठाणेही आहे. पाचपाखाडी हा नौपाड्याचा थोडा मोकळा भाऊ: महापालिकेचं मुख्यालय, शेजारी कचराळी तलाव, तिथे सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठ मंडळींचे कट्टे. त्यापलीकडे पोखरण रोड, वर्तकनगर, वसंत विहार. हा सगळा पट्टा एकेकाळी कारखान्यांचा. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ साली इथे आली, आता त्याच जमिनीवर टॉवर आहेत. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीही नव्याने बांधल्या जाताहेत. उपवन तलाव आणि येऊरचं फाटक जवळ असल्यामुळे फिरायला हा भाग उत्तम, पण स्टेशनला टीएमटीची बस किंवा रिक्षा लागतेच. वागळे इस्टेटच्या किसननगरला क्लस्टर योजनेत अख्ख्या वस्त्या पाडून नव्याने बांधायचं घाटलं आहे. दहा वर्षांनी तिथे या. कळवा स्वस्त आहे आणि ऐरोलीला विटाव्यावरून रस्त्याने जवळही, पण सकाळी कळव्याला लोकलमध्ये चढणं हा खेळ तुमच्या बँकेच्या साडीत जमण्यासारखा नाही.

मुलाला फिरवायचं विचारलंत. मॉल दाखवायची गरज नाही, ते तो स्वतः शोधून काढेल. तलावपाळीला बोटिंग आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. पावसाळ्यात पहाटे जा आणि उजेड असेतो परत या, तिथे बिबटे आहेत आणि ते लोकांच्या वेळा पाळत नाहीत. ओवळ्याला ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे, पावसाळा सरतासरता जा. कोलशेतचं सेंट्रल पार्क नवं, तिकीट काढून आत जायचं. आणि हिवाळ्यात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला न्याच. २०१५ साली अभयारण्य झालेली ही खाडी २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. बोट भरती-ओहोटीप्रमाणे सुटते, त्यामुळे वेळ आधी विचारून जा. चौथीतल्या मुलाला इतिहास आवडत असेल तर ठाण्याचा तुरुंग बाहेरून दाखवा. तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९१० साली तिथेच फाशी दिली. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली, हे त्याला इथला कुठलाही रिक्षावाला सांगेल. खाण्याचं म्हणाल तर मामलेदारची मिसळ आणि गजाननचा वडापाव पिवळ्या चटणीसकट. सांगलीकरांना मिसळ शिकवायची माझी काय टाप, पण मामलेदारच्या तिखटाला हसू नका.

तर करायचं काय? सांगलीचं घर आत्ता विकू नका, भाड्याने द्या. कोपरीत किंवा पाचपाखाडीत अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्या. त्यात एक पावसाळा आणि एक उन्हाळा येईल असं बघा. घर बघायला याल तेव्हा आईंना घेऊन या, आणि दुपारी तासभर त्यांना त्या गल्लीत एकट्यांना फिरू द्या. देऊळ, भाजी, डॉक्टर, बसायला बाक, बोलायला माणूस यांतलं काय सापडलं ते त्यांनाच विचारा. मामेसासऱ्यांना विचारू नका, ते नौपाडाच म्हणतील.

वर्षभराने विकत घ्यायला निघाल तेव्हा: बांधकाम चालू असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे गेली ते बघा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, बोला. आणि घर तुमच्या एकटीच्या नावावर किंवा तुमच्या व आईंच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची एक टक्का सवलत मिळते. यजमानांचं नाव त्यात आलं की ती जाते. कर्जासाठी त्यांचा पगार मात्र लागेलच, तेव्हा मालकी न देता त्यांना सहकर्जदार धरायला बँक तयार आहे का ते आधी विचारा. तुम्ही बँकेतच आहात, हे तुम्हाला माझ्याआधी कळेल.